विहीणबाईंचा खराटा

सनाबिस, बहरीन
१४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आक्कांना,
नीलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या बंधुराजांना फोन स्पीकरवर ठेवल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि मग जे सांगायचं ते सोडून मी बाकी सगळं सांगते. त्यापेक्षा आपली पद्धत बरी. पत्र लिहायचं, फोटो काढायचा, पाठवायचं. फक्त मागच्या वेळी दुसऱ्या पानावर तुमचा अंगठा आला होता आणि त्याच्याखाली नेमकं लोणच्यातल्या मिठाचं माप होतं. लोणचं खारट झालंय. दोष अंगठ्याचा, माझा नाही.

आता चहा घ्या आणि बसून वाचा. एरोची आई आली! आपल्या स्पृहाचा एरो हो, फिनलंडचा, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पावर इंजिनियर आहे तो. त्याची आई हेल्मीबाई. हेल्मी म्हणजे त्यांच्या भाषेत मोती. बहरीनला मोत्यांचं केवढं कौतुक, तेव्हा म्हटलं, नावाने तरी शकुन झाला. मी घर घासूनपुसून लख्ख केलं, पडदे धुतले, पुरणपोळ्या केल्या. ह्यांनी तर ऑक्टोबरच्या उकाड्यात ब्लेझर चढवला आणि पंख्याखाली बसून घाम पुसत राहिले.

बाई उंच, गोऱ्यापान, साधा सुती झगा. पण गप्प! आक्का, इतकं गप्प माणूस मी पाहिलेलं नाही. मी बोलले की त्या गप्प, मी थांबले की त्या गप्प. मग मी थांबलेच नाही. तुमचं मिरज, माझं सासर, ह्यांचा मणका, गॅसचा सिलिंडर, सगळं सांगून टाकलं. त्या हसत होत्या आणि पुरणपोळी खात होत्या. एवढ्यात खाली पार्किंगमध्ये कुणीतरी आमच्या गाडीमागे गाडी लावली म्हणून हे आणि एरो धावले. स्पृहा तर बँकेच्या कामाने दुबईला. म्हणजे खोलीत आम्ही दोघी आणि एक पुरणपोळी.

तेव्हा त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं लांबोळकं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी, अगदी प्रसाद द्यावा तसं, माझ्या हातात दिलं. उघडते तर काय, खराटा! वाळक्या डहाळ्यांचा, पाल्यासकट, दोऱ्याने आवळून बांधलेला खराटा. मी बघतच राहिले. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं. एवढंच म्हणाल्या की हा नवरीसाठी, लग्नासाठी.

नवरीसाठी खराटा! म्हणजे सून आणतोय ती झाडलोट करायला, हे आधीच सांगून ठेवलं म्हणायचं? का माझ्याच घरात कुठे जळमट दिसलं? मी हसून थँक्यू म्हणाले आणि तो नेऊन वॉशिंग मशीनच्या मागे उभा केला. त्या गेल्यावर मला रडूच आलं. वरच्या मजल्यावरच्या मार्सेलिनाला सांगितलं. वसईची, हॉस्पिटलात नर्स आहे, मोठी समजूतदार बाई. ती इतकी हसली, इतकी हसली की जिन्यातच बसली. हिचा काही उपयोग नाही.

स्पृहाला विचारलं तर ती म्हणेल ममाचा ड्रामा सुरू झाला. एरोला विचारायची लाज वाटते. आक्का, तुम्हीच सांगा. परत करू? का मीही त्यांना सूप आणि फडकं देऊ? माझी पोर ह्या घरात द्यायची की नाही, हा प्रश्न आहे.

तुमच्या उत्तराकडे आणि तुमच्या अंगठ्याकडे डोळे लावून बसलेली,
नीला

*

मिरज
१६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. नीलास,
आक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. शेजारच्यांना वाटलं मला झटका आला, एवढी हसले. अंगठ्याबद्दल बोलू नकोस. तीस वर्षं शिट्टी वाजवून मुलींना मैदानावर पळवलंय त्या हाताने, फोटो काढायची सवय त्याला नाही.

पहिली गोष्ट, सूप नि फडकं द्यायचा विचार आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढ. बाई एवढ्या लांबून विमानातून खराटा घेऊन आली. ज्याला अपमान करायचाय तो एवढं ओझं वाहत नाही, तो जागच्या जागी करतो. तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईने, तुझ्या पहिल्या आमटीला काय म्हटलं होतं आठव. काही आणावं लागलं होतं का तिला?

दुसरी गोष्ट. आपल्याकडे दिवाळीत नवी केरसुणी आणतो, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून पुजतो, हे बहरीनला गेल्यावर विसरलीस? लक्ष्मीपूजन पंधरवड्यावर आलंय आणि लक्ष्मी आपल्या पायांनी तुझ्या घरी आली, तीही नवरीसाठी, आणि तू तिला मशीनमागे कोंडलीस. काढ बाहेर. पूजेला मांड, हळदकुंकू वाहा, फूल ठेव, आणि विहीणबाईंना त्या दिवशी जेवायला बोलव. आणि तोवर त्याने केर काढू नको, कामवालीलाही हात लावू देऊ नकोस. माणसाने मनापासून दिलेलं मनापासून घ्यावं. अर्थ मागाहून कळतो.

एरोचा फोटो पाहिला. मुलगा काटक आहे. आपली स्पृहा अकरावी-बारावीला माझ्याकडे राहिली तेव्हा लांब उडीत जिल्ह्यात पहिली आली होती, तिला असाच पळणारा हवा. पहाटे उठवलं की पांघरूण ओढून घेऊन मला शिव्या द्यायची, इंग्रजीत, म्हणजे मला कळणार नाही असं समजून. मला सगळं कळायचं.

लग्नाला मी येईनच असं धरू नकोस. गुडघा कुरकुरतोय. पासपोर्टही कुठे आहे देव जाणे. शिवाय मांजर व्यायली आहे. बघू.

ब्लेझर काढून ठेवायला सांग माझ्या भावाला. अंगाला पुरळ येईल.

लोभ आहे, पण त्याचं लोणचं घालू नकोस, खारट करशील.
तुझी,
आक्का

*

सनाबिस
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आक्कांना,
नीलाचा शि. सा. नमस्कार आणि दिवाळीचा वेगळा नमस्कार. वि. वि.

आक्का, तुम्ही म्हणजे ना! तुमचे पाय कुठे आहेत, मी धरते. गुडघा सोडून.

ऐका. लक्ष्मीपूजनाला खराटा चौरंगावर मांडला, चिमूटभर हळदकुंकू, झेंडूचं फूल, शेजारी नाणी, बत्तासे. हेल्मीबाई आत आल्या, चौरंगाकडे पाहिलं आणि उभ्याच राहिल्या. डोळे भरून आले हो त्यांचे! मग फिनिशमध्ये इतकं बोलल्या, इतकं बोलल्या, की एरोही चाट पडला. म्हणाला, आई वर्षभरात एवढं बोलत नाही. माझी पोर बघा, तिला रडू आलं तर म्हणते ममा, खलास, आय कान्ट.

तर खुलासा असा. तो खराटा नव्हेच! बर्च म्हणून एक झाड असतं त्यांच्याकडे, त्याच्या कोवळ्या डहाळ्या उन्हाळ्यात तोडून, जुडी बांधून, सावलीत वाळवतात. ती जुडी साउनासाठी. सीफच्या जिममध्ये सॉना लिहिलेलं असतं तोच हा, पण त्यांचा खरा उच्चार साउना. लाकडाची खोली, तापवलेले दगड, त्यावर पाणी टाकायचं आणि जी वाफ उठते तिला ते जीव म्हणतात, श्वास म्हणतात, काय काय म्हणतात. मग जुडी पाण्यात भिजवून अंगावर सपासप मारून घ्यायची. रक्त फिरतं म्हणे. आमचे हे म्हणाले, हे तर माझ्या शाळेतही होतं, फुकट.

पण आक्का, गंमत पुढे आहे. पूर्वी त्यांच्याकडे बायका बाळंत साउनातच व्हायच्या. हेल्मीबाईंची आई साउनात जन्मली. माणूस गेलं की शेवटची आंघोळही तिथेच. मला एकदम स्पृहाच्या वेळचं आठवलं. तुम्ही मला शेगडीचा शेक द्यायचात, ओव्याची धुरी द्यायचात, मी ओरडायचे आणि तुम्ही दार लावून घ्यायचात. मी हेल्मीबाईंना म्हटलं, आमच्या नणंदेनेही मला साउना दिलाय, फक्त त्याला आम्ही बाळंतिणीची खोली म्हणतो. त्यांनी माझा हातच धरला.

आणि लग्नाच्या आधी नवरीला घरच्या बायका साउनात नेतात. बाहेर कुणीतरी भांडी बडवायची, म्हणजे वाईट नजर पळून जाते. आत जायचं ते मोठ्या मानाने, आत भांडायचं नाही, कुणाची कुचेष्टा करायची नाही, कोण मोठा कोण लहान काही नाही. जुडी आणली ती त्यासाठी! आम्ही तिला खराटा समजलो हे त्यांना कुणीही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल.

एरो अरादला भाड्याने राहतो ना, किल्ल्याजवळ, त्या घराच्या अंगणात त्याने लाकडी साउना उभासुद्धा केलाय. घरमालक नझीरभाईंना वाटलं कबुतरांचं खुराडं आहे. कळल्यावर ते म्हणाले, जुलैत देव फुकट देतो ते विजेचं बिल भरून कशाला घ्यायचं?

लग्न जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, इथेच, आपल्या पद्धतीने. हळद आमच्या घरी, साउना आदल्या दिवशी अरादला. पुण्याहून माझी काशीमामी येणार आहे, सगळे विधी तिला पाठ. तुम्ही पंधरा दिवस आधी या. गुडघ्याला मार्सेलिना आहे. मांजरीला माझ्या नावाने सांगा की कामं आपली आपण करायला शीक. पासपोर्ट कपाटात वरच्या खणात, साड्यांच्या खाली, मी मागच्या वेळी स्वतः ठेवलाय.

आता कारणं संपली. यल्ला, चला आता, तिकीट काढू?

तुमच्या लोभाला कान लावून बसलेली,
नीला

*

मिरज
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नीलास,
आक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी मांजरीलाही वाचून दाखवलं. तिला पटलं नाही.

साउनाचं वाचून बरं वाटलं. शेक दिल्यावर तू मला काय काय म्हणालीस ते मात्र पत्रात गाळलंस. स्पृहा कानात कापूस घालून झोपली होती म्हणून वाचली.

नीला, आता खरं लिहिते, कारण तू कारणं एकेक करून खोडशील आणि मी रोज नवं शोधत बसेन. ह्या वयात खोटं बोलायचे कष्ट सोसत नाहीत.

मला स्पृहाच्या हळदीला यायचं नाही. तुझ्या मामेबहिणीच्या लग्नात मी होते, आठवतंय? हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. सगळ्या बायका पोरीला हळद लावत होत्या, मीही हौसेने वाटी उचलली. काशीमामींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. रागाने नाही गं, अगदी गोड बोलून. म्हणाल्या, शैलाताई, तुम्ही इथे खुर्चीत निवांत बसा. मी बसले. खुर्ची चांगली होती. त्या दिवसापासून मी लग्नाला जाते ती जेवायला, हळदीला नाही. लोकांना वाटतं मला उशिरा उठायची सवय आहे.

काशीमामींचा मला राग नाही. त्यांना शिकवलं ते त्यांनी केलं. पण ह्या पोरीला मी दोन वर्षं तेल लावलंय, वेण्या घातल्यात, ताप आला तर रात्रभर उशाशी बसलेय. तिच्या हळदीला मी खुर्चीत नाही बसणार. मला ते सोसणार नाही. आणि वाटी घेतली तर तुझ्या माहेरची माणसं कुजबुजतील आणि सगळा दिवस नासेल, तेही मला सोसणार नाही. तू म्हणशील मी बघते. तू कुणाकुणाच्या तोंडाला हात लावशील?

म्हणून इथूनच आशीर्वाद. तिला एक डबाभर लाडू पाठवते. रागावू नकोस. स्पृहाला गुडघा सांग.

लोभ इथून तिथवर पुरतो, त्याला व्हिसा लागत नाही.
तुझी,
आक्का

*

सनाबिस
२० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आक्कांना,
नीलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले, मग दार उघडून भांडी आपटली. ती खुर्ची मला माहीतच नव्हती, आक्का. मी त्या लग्नात कुठे होते? नक्की गजऱ्यांच्या मागे धावत असणार.

गुडघा सांगायचा ना स्पृहाला? नाही सांगितला. मला खोटं बोलता येत नाही, तोंड लाल होतं. तिने पत्र उघडलेला फोनच हिसकावून घेतला. वाचलं आणि गाडी काढून अरादला गेली. मला वाटलं समुद्रावर जाऊन रडेल. ही गेली थेट हेल्मीबाईंकडे, आणि एरोला मध्ये बसवून सगळं सांगितलं. परत आली ती हसत.

तर आता नीट ऐका, हे मी नाही सांगत, विहीणबाई सांगताहेत. एक, त्यांच्या घरात जुडी कुणाच्या हाती द्यायची हे नवरी ठरवते. त्यात आई बोलत नाही, सासू बोलत नाही, मामी तर नाहीच नाही. स्पृहाने तुमचं नाव सांगून टाकलंय. तुम्ही आला नाहीत तर जुडी कुणाच्याच हातात जाणार नाही, बाकीचे नुसते घाम गाळत बसतील.

दोन, आत जाताना अंगावर धातू चालत नाही. भाजतो. कानातलं, बांगड्या, चेन, सगळं काढून बाहेर ताटलीत. मी विचारलं, मंगळसूत्रसुद्धा? तर म्हणाल्या की सोनं तर आधी तापतं. आक्का, कुंकू घामाने जाईल आणि मंगळसूत्र ताटलीत राहील. मग आत बसलेल्यांत कोण सवाष्ण आणि कोण कोण, हे काशीमामीच काय, ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही.

आणि तीन, हे सगळं बाजूला ठेवा. तुम्ही आला नाहीत तर मी माझ्या पोरीला लग्नात एकटीने सांभाळायची का? ते मला सोसणार नाही, हे मीही सांगून ठेवते.

खाली स्पृहाने चार शब्द लिहिलेत. मराठीत लिहिलेत, म्हणजे किती मोठं प्रकरण आहे ते समजा.

(आत्या, पहाटे उठवायला ये. शिव्या देणार नाही. स्पृहा.)

लोभ असेल तर तो विमानातून घेऊन या. टपालाने आलेला स्वीकारला जाणार नाही.
नीला

*

मिरज
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नीलास,
अ. उ. आ.

पासपोर्ट तू म्हणालीस तिथेच निघाला. मांजरीची पिल्लं शेजारच्या जोशीबाईंकडे सोपवली. गुडघ्याला विचारलेलं नाही.

साउनात घालतात काय ते नीट कळव. मी त्या वयाची नाही आणि त्या देशाचीही नाही. परकर छातीशी बांधून बसेन, पूर्वी नदीवर बायका न्हायच्या तशी. त्याहून कमी नाही. हे विहीणबाईंना आधीच सांग.

लाडू घेऊन येते. लोभही त्याच डब्यात.
आक्का

*

मिरज
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नीलास,
आक्काचे अ. उ. आ. चि. सौ. स्पृहा आणि एरो ह्यांना आशीर्वाद, आणि आपल्या हेल्मीबाईंना माझा नमस्कार नि मिठी, त्यांच्याकडून शिकलेली.

सुखरूप पोचले. मांजर ओळखत नाही. माझ्या अंगाला अजून बर्चचा वास येतो असं जोशीबाई म्हणतात, तेव्हा मांजरीचाही दोष नाही. गुडघ्याचं म्हणशील तर तो साउना दिल्यापासून गप्प आहे, हेल्मीबाईंसारखा.

नीला, लग्नाच्या गडबडीत तुला नीट सांगायचं राहिलंच. पहिलं तांब्याभर पाणी दगडावर पडलं, फुस्स झालं, आणि तू अय्या आई गं मेले म्हणून दार उघडून पळालीस ती बाहेर कढई बडवायला लागलीस. आत काय झालं ते तुला ठाऊक नाही. तू मला पत्रातून सगळं सांगितलंस, आता मी सांगते.

आत आम्ही पाचजणी. हेल्मीबाई वरच्या फळीवर ताठ, देवीसारख्या. मधल्या फळीवर स्पृहा आणि मार्सेलिना. खालच्या पायरीवर काशीमामी, गाऊन घालून, गळ्यात मंगळसूत्र तसंच. त्यांनी हेल्मीबाईंना बजावून सांगितलं होतं की काही झालं तरी मी काढणार नाही, हळदकुंकवाची बाई आहे मी. हेल्मीबाईंनी मान हलवली आणि दुसरा तांब्या टाकला. बाई गं! काशीमामींच्या मंगळसूत्राच्या वाट्या अशा तापल्या की त्या किंचाळून उभ्याच राहिल्या, ओढाओढ केली तरी ते निघेना, मीच पुढे होऊन ते डोक्यावरून काढलं आणि दाराच्या फटीतून मार्सेलिनाने बाहेर ताटलीत ठेवलं. मामी बसल्या. गळ्यावर दोन लाल गोल. कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर आलेलं. मग त्यांनीच ते गाऊनच्या बाहीने पुसून टाकलं.

मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे गळे मोकळे, सगळी कपाळं ओली. मी त्यातलीच एक होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकांच्या घोळक्यात मी स्वतःला शोधायला गेले आणि मला वेगळी सापडले नाही. मला फार बरं वाटलं गं. बाहेर तू कढई बडवतेस, नझीरभाई आग लागली का म्हणून विचारताहेत, तू त्यांना अरबीत मफी मुश्किल मफी मुश्किल, काही अडचण नाही, म्हणून ओरडतेस, आणि मी आत सुखाने घाम गाळतेय.

मग स्पृहाने जुडी माझ्या हातात दिली. मी बादलीत बुडवली. नीला, पाणी पिवळं झालं! नुसतं पिवळसर नव्हे, पिवळंजर्द. आणि त्या गरम वाफेत वास सुटला तो हळदीचा. ओल्या, आपल्या सांगलीच्या हळदीचा.

माझा हात थांबला. काशीमामींनाही वास आला होता, त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी जुडी त्यांच्यापुढे करणार होते. खरंच करणार होते, सवय वाईट. एवढ्यात स्पृहा पाठ करून बसली आणि म्हणाली की आत्या, यल्ला, मी इथे शिजतेय. हसू आलं आणि हात सुटला. मी तिच्या खांद्यांवर, पाठीवर, दंडांवर जुडी मारली, शाळेत मुलींच्या पाठीवर शाबासकी द्यायचे तशी. पोर पिवळी झाली. मला रडू येत होतं, पण तिथे घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं, कुणाला कळतंय? त्या खोलीचा हा मोठाच गुण आहे.

मग काशीमामी काय म्हणाल्या असतील? काहीच नाही. हेल्मीबाईंची संगत लागली असावी. आणि मग सरकून सरकून माझ्यापुढे आल्या, पाठ केली, आणि म्हणाल्या की शैलाताई, माझ्याही पाठीवर जरा, आणि कमरेपाशी थोडं जोरात. मी मारली. जरा जास्तच जोरात मारली. त्याही हसल्या, मीही हसले, मार्सेलिना तर फळीवरून पडायच्या बेतात आली.

दुसऱ्या दिवशी पाटावरच्या हळदीला त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की पहिली हळद काल लागली आहे, जिने लावली तिनेच आज सुरुवात करायची, आणि वाटी माझ्या हातात दिली. ते तू पाहिलंस. पण त्याच्या आदल्या दिवशीचं हे असं होतं.

आता एक प्रश्न, आणि खरं उत्तर दे. लक्ष्मीपूजनाला तू चिमूटभर हळदकुंकू वाहिलंस असं तूच लिहिलंय. चिमटीने बादली पिवळी होत नाही. आणि जी बाई बहरीनच्या जुलैत दुपारी भाकऱ्या भाजते, ती एका तांब्याच्या वाफेला पळून जाते, हे मी खेळाची शिक्षिका असून मानावं, असं तुला वाटतं?

लोभ वाढलाय. मलाही जुडी मिळाली तिचे पाठीवर वळ आहेत, ते उतरताहेत, हा उतरायचा नाही.
तुझी,
आक्का

*

सनाबिस
१२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आक्कांना,
नीलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मला वाफ सोसत नाही. डॉक्टरांनाही विचारा. मार्सेलिनाला विचारू नका, ती हसते.

हळदीचं म्हणाल तर साउनाच्या सकाळी मी जुडीला थोडीशी हळद लावली. वाटीभर. कालवून. पानापानाला. हेल्मीबाई मध्येच स्वयंपाकघरात आल्या, त्यांनी पाहिलं, आणि डब्यातली उरलेली हळद माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघींनी मिळून लावली. त्यामुळे दोष असलाच तर अर्धा फिनलंडचा आहे.

आणि पळाले नसते तर नवरीची आई म्हणून पहिला हात माझ्याकडे मागितला असता काशीमामीने, तेवढं तिला सुचलं असतंच. बाहेर कढई बडवणारीकडे कोण मागणार? हात अजून दुखतोय, कढईला पोचा आलाय, आणि नझीरभाई मला लांबूनच सलाम करतात. माझं काहीही जाऊ दे. दाराच्या फटीतून तुमच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा मी आणखी जोरात बडवली, म्हणजे मी रडतेय ते आत कुणाला ऐकू जाऊ नये.

हेल्मीबाई काल परत गेल्या. जुडी त्यांनी नेली नाही. पाला गळालाय, काड्या पिवळ्या झाल्यात, आता मात्र ती अगदी खराटाच दिसते. मी कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलीय, माझ्या धाकट्याच्या, सुयशच्या लग्नासाठी. त्याची नवरी कोण आणि कुठली, काही पत्ता नाही, पोरगा अजून कॉलेजात आहे. पण हळद पहिली कुणी लावायची, तेवढं ठरलेलं आहे.

पासपोर्ट साड्यांखालून काढून वर ठेवा. लोभ असा समोर ठेवलेला बरा, शोधावा लागत नाही.

तुमची,
नीला